मेंढ्या बसल्या ते वावर

लग्न होऊन मी जाफराबादेजवळच्या त्या गावात आले, तेव्हा पहिल्या महिन्यातच माझ्या लक्षात आलं की या घरात एक भांडण रोज सकाळी उठतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. ते भांडण शेणावरून होतं.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची, सासूबाईंना आत्याबाई. घरी एक बैलजोडी, एक म्हैस आणि तिचं रेडकू एवढीच जनावरं. सकाळी गोठा झाडून झाला की आत्याबाई टोपलं घेऊन उभ्या राहायच्या आणि मामा फावडं घेऊन. आत्याबाईंना गोवऱ्या थापायच्या असायच्या. मामांना तेच शेण उकिरड्यावर टाकून, कुजवून शेतात न्यायचं असायचं.

"तुमची चूल माझं वावर खाऊन राह्यली," मामा म्हणायचे.

"मंग भाकरी उन्हात भाजू का?" आत्याबाई विचारायच्या.

दोघांचंही खरंच होतं. आजूबाजूच्या बाभळी कधीच तुटल्या होत्या. कापसाच्या पऱ्हाट्या जळणाला आणायचो, पण त्या फुरफुर जळतात आणि उन्हाळ्याच्या आत संपतात. गोवरीशिवाय चूल पेटत नव्हती. आणि शेणखताशिवाय जमिनीचं काय होतं, ते मामा मला रोज दाखवायचे.

मी दहावीपर्यंत शिकले होते. आमच्या शास्त्राच्या पुस्तकात एक चित्र होतं. सूर्य, मग गवत, गवताकडून सशाकडे बाण, सशाकडून कोल्ह्याकडे बाण, आणि सगळ्यांकडून खाली मातीकडे एक वळलेला बाण. परीक्षेत मी ते चित्र नीट काढलं होतं, पण ते कळलं सासरी आल्यावर. मातीकडे वळणारा तो शेवटचा बाण आमच्या घरी चुलीत जात होता.

माझे मालक तेव्हा अंकुशनगरला साखर कारखान्यावर होते. गळीत हंगाम लागला की दिवाळीनंतर ते जायचे ते उन्हाळ्यातच परतायचे. मध्ये एखाददुसरी चक्कर. म्हणून शेतीत मामा आणि मी. मामांचं वय झालं होतं, पण माझ्याशी बोलताना ते कधी 'बाईमाणूस' म्हणून आवाज बदलायचे नाहीत. बांधावर बसून मला सांगायचे, हायब्रीड ज्वारी नवी नवी आली तेव्हा कणसं कशी मुठीत मावत नव्हती. खताचं पोतं फोडून मूठभर टाकलं की पीक कसं उसळून यायचं. आणि मग हळूहळू तेवढ्याच पिकाला दोन मुठी कशा लागायला लागल्या. एकदा त्यांनी वरच्या वावरातलं ढेकूळ उचलून माझ्या हातात दिलं.

"दाब," म्हणाले.

मी दाबलं. फुटेना.

"पाह्य. विटेसारखं झालं. याच्यात जीव न्हाई राह्यला. याला पोटाला पाह्यजे काहीतरी."

त्या वर्षी मामांनी ठरवलं की वरच्या वावरात मेंढ्या बसवायच्या.

मेंढ्या बसवणं माझ्या माहेरीही होतं, पण मी कधी जवळून पाहिलं नव्हतं. दिवाळी झाली की खानदेशातून धनगर घाट चढून आमच्याकडे यायचे. घोड्यांवर बिऱ्हाड, कोंबड्यांची खुराडी, बाजेला बांधलेली लेकरं, पुढे कुत्री आणि मध्ये धुळीचा ढग म्हणजे कळप. दिवसा मेंढ्या माळावर, पडीत, बांधाबांधानं चरायच्या. संध्याकाळी ज्याच्या शेतात ठरलं असेल तिथे वाघर लावायची. वाघर म्हणजे खुंट्यांवर ताणलेली दोरांची जाळी. तिच्या आत कळप रात्रभर बसायचा. सकाळी कळप उठला की तेवढा तुकडा लेंड्यांनी काळा झालेला असायचा. दुसऱ्या दिवशी वाघर पुढे सरकवायची. असं करत करत सगळं वावर खतावून निघायचं. बदल्यात शेतकऱ्यानं ज्वारी द्यायची.

कळप थोडे आणि शेतकरी फार, त्यामुळे धनगर गावात आले की त्यांना चहाला बोलवायची चढाओढ लागायची. मामांना लागोपाठ दोन वर्षं कोणी मिळालं नव्हतं. या वेळी एका म्हाताऱ्या धनगरानं शब्द दिला होता.

आत्याबाईंना हे बिलकुल पसंत नव्हतं. "त्यांची कुत्री माह्या कोंबड्या खातील. आन् ज्वारी द्यायची ती वेगळी. कशाला हा खर्चा?"

"शेण तुमाला दिलं ना सगळं? मंग माह्या वावराला काय देऊ? आता बोलू नका," मामा म्हणाले. आणि आश्चर्य म्हणजे आत्याबाई गप्प बसल्या. त्या सकाळी पहिल्यांदा सगळं शेण विनाभांडण गोवऱ्यांना गेलं.

धनगर आले. म्हातारा, त्याचे दोन मुलगे, आणि थोरल्याची बायको. ती माझ्याच वयाची असावी. कपाळावर मोठं कुंकू, पायात वहाणा, आणि चालणं असं की तिच्याबरोबर जायचं तर मला पळावंच लागायचं. तिची बोली खानदेशी वळणाची. पहिल्या दिवशी तिला माझं बोलणं आणि मला तिचं बोलणं निम्मंच कळलं. दुसऱ्या दिवशी ती आमच्या विहिरीवर पाणी भरायला आली आणि मी तिला गरम भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला. त्यानंतर भाषेची अडचण उरली नाही. ती मला वैनी म्हणायला लागली.

मी विचारलं, "एवढ्या लांबून येता, रस्त्यात मेंढ्या खातात काय?"

"जे भेटंल ते," ती म्हणाली. "घाटातलं वाळलं गवत, बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला. जे तुमचं जनावर खात न्हाई ते आमचं जनावर खातं." मग सकाळी मेंढ्या उठून गेलेल्या तुकड्याकडे हात करून हसली. "तुमच्या वावरात आमच्या डोंगराचं गवत पडलं बघ, वैनी. फुकट न्हाई आलं. चार पायांनी चालून आलं."

मला ते फार आवडलं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि मी मनात म्हणाले, आणि आमची ज्वारी तुझ्या पोटात बसून घाट उतरणार.

मेंढ्या बसून तीन-चार दिवस झाले असतील. दुपारची वेळ. मी आणि मामा खालच्या वावरात तुरीच्या शेंगा बघत होतो. हे खालचं वावर ओढ्याला लागून, आणि त्याच्या कडेनं जाफराबादचा रस्ता. तिथली हायब्रीड ज्वारी दिवाळीआधी काढली होती. दिवाळीनंतर अवचित पाऊस झाला आणि कापणीनंतर जमिनीत राहिलेल्या धसकटांना हिरवेगार, लुसलुशीत फुटवे आले. एका बैलाचा खांदा सुजला होता म्हणून नांगरट राहून गेली होती. सगळीकडे वाळलेलं, आणि मध्ये हा एवढा हिरवा पट्टा.

कळप पाण्यासाठी ओढ्याकडे येत होता. पुढे म्हातारा, मागे त्याची सून. मेंढ्या रस्ता ओलांडत असतानाच वळणावरून एसटी आली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, ब्रेक दाबला, गाडी करकरत थांबली. एकही मेंढी चाकाखाली आली नाही. पण कळप बुजला. बांधावरून उड्या मारून अर्धा कळप आमच्या वावरात शिरला, आणि समोर हिरवं दिसल्यावर भीती विसरून खायला लागला.

म्हातारा ओरडला. तसं ओरडणं मी आजवर दुसऱ्यांदा ऐकलेलं नाही.

"काढा! काढा भायेर! किराळ लागंल!"

मामा तुरीतून धावत सुटले. मी त्यांच्या मागे. किराळ म्हणजे काय ते मला धावता धावता मामांनी ओरडून सांगितलं. ज्या ज्वारीची भाकरी आपण रोज खातो, जिचा कडबा बैल वर्षभर खातात, तिच्याच कोवळ्या फुटव्यात विष असतं. मोठी झाली की जातं. पण धसकटाला असे फुटवे आले की जनावर पोटभर खाऊन तिथंच पडतं.

एसटी पुढे निघून गेली. आम्ही सगळे जण काठ्या, पदर, हात, जे मिळेल ते हलवत मेंढ्या हाकलत होतो. मेंढी एरवी गरीब जनावर, पण तोंडात हिरवं आल्यावर ती हलत नाही. एका बाजूनं काढावी तर दुसऱ्या बाजूनं शिरत होती. शेवटी कुत्र्यांनी त्यांना बाहेर काढलं. सगळा कळप रस्त्याच्या पलीकडे, पडीत उभा केला, आणि आम्ही धापा टाकत बघत राहिलो. काही होत नव्हतं. मला वाटलं, सुटलो.

मग एक मेंढी थरथरायला लागली. तिचे मागचे पाय दारुड्यासारखे आडवे-तिडवे पडायला लागले. ती बसली, आणि एका अंगावर कलंडली. तोंडाला फेस. तिच्या शेजारची दुसरी. मग जिकडे बघावं तिकडे.

"गूळ," म्हातारा म्हणाला. "गुळाचं पाणी पाजा. जल्दी."

घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. मामांनी हाक मारली. आत्याबाई दारात आल्या, त्यांनी नुसतं बघितलं, आणि काही न विचारता आत गेल्या. संक्रांतीसाठी आणलेली गुळाची अख्खी ढेप डोक्यावर घेऊन, एका हातात घागर धरून ती बाई पळत आली. दगडानं ढेप फोडून घमेल्यात कालवायला बसली. आरडाओरड ऐकून धावत आलेले धनगराचे मुलगे मेंढ्यांची तोंडं उघडत होते आणि आत्याबाई बाटलीनं पाणी ओतत होत्या. "पी गं बाई, पी," असं त्या प्रत्येकीला म्हणत होत्या. कोंबड्यांची आणि खर्चाची गोष्ट त्या दिवशी संपली ती कायमची.

तेवढ्यात तीच एसटी पुढच्या गावाहून फिरून परत आली. ड्रायव्हरनं रस्त्याच्या कडेला पडलेल्या मेंढ्या पाहिल्या आणि गाडी आपणहून थांबवली. खाली उतरला. "माझ्या गाडीनं झालं का हे?" त्यानं विचारलं.

उत्तर द्यायला कोणाला वेळ नव्हता. मामा माझ्याकडे वळले.

"सूनबाई, तू जाय. जाफराबादला जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टरला बराबर सांग, किराळ म्हण, हायब्रीडचे फुटवे खाल्ले म्हण. आम्ही इथून हलू शकत न्हाई."

मी होते तशी, चिखलाच्या पायांनी गाडीत चढले. ड्रायव्हरनं मधल्या थांब्यावर हात दाखवणाऱ्यांना हात जोडले आणि गाडी सरळ दवाखान्यासमोर नेऊन उभी केली.

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. डबा उघडा होता, घास हातात होता. मी दारातूनच सांगितलं. त्यांनी घास परत ठेवला आणि कपाट उघडलं.

"किती मेंढ्या आहेत?"

"कळप आहे. अर्धा कळप खाऊन बसलाय."

त्यांनी औषधाच्या बाटल्या पाहिल्या आणि मान हलवली. "पडलेल्यांना इंजेक्शन देता येईल. बाकीच्यांना पाजायला पुरणार नाही. तुम्ही एक करा. त्या चौकात फोटो स्टुडिओ आहे. त्याच्याकडे हायपो असतो. फोटो धुवायचा. या विषावर तोच उतारा. आहे तेवढा द्यायला सांगा. मी तोवर सामान भरतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण विचारत बसले नाही. स्टुडिओवाला काचेच्या मागे पावडर लावलेल्या एका बाळाला हसवत होता.

"हायपो पाहिजे," मी म्हणाले. "आहे तेवढा."

"कोणाच्या लग्नाचे फोटो?"

"मेंढ्यांना पाजायचाय."

तो माझ्या पायाच्या चिखलाकडे, मग माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग आत गेला आणि पांढऱ्या खड्यांनी भरलेली एक पिशवी घेऊन आला. "डॉक्टरनं सांगितलं असंल तर बराबर असंल," तो म्हणाला, आणि परत बाळाकडे वळला.

डॉक्टरांच्या मोटारसायकलवर मी मागे बसले. जन्मात पहिल्यांदा. मांडीवर औषधाची पेटी, एका हातात हायपोची पिशवी, पदर दातात. रस्त्यात आमच्याच गावच्या बाया पाण्याच्या घागरी घेऊन जात होत्या. त्या जागच्या जागी थांबल्या. एरवी अशा वेळी मी लाजेनं मेले असते. त्या दिवशी मला फक्त एवढंच वाटत होतं, की खड्ड्यात पिशवी फुटू नये.

पोहोचलो तेव्हा चार-पाच मेंढ्या गेल्या होत्या. पण मी निघताना ज्या पडल्या होत्या, त्यातल्या काही मान वर करून होत्या. गुळानं त्यांना तेवढं धरून ठेवलं होतं. डॉक्टर गुडघ्यांवर बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. एकेकीच्या मानेची लोकर बाजूला करायची, शीर दाबायची, सुई टोचायची. मी आणि आत्याबाई हायपोचं पाणी करून बाकीच्यांना पाजत होतो. मामा मेंढ्या धरत होते. म्हातारा धनगर प्रत्येक मेंढीच्या नाकाशी हात नेऊन श्वास बघत फिरत होता.

त्याची सून एकीकडे बसली होती. मांडीवर एका काळ्या तोंडाच्या मेंढीचं डोकं. ती मेंढी तिच्या बापानं लग्नात दिलेली होती, हे तिनं मला विहिरीवर सांगितलं होतं. मेंढीचं कोकरू आईच्या पोटाशी ढुशा देत होतं आणि आई हलत नव्हती. इंजेक्शन देऊन झालं होतं. आता करण्यासारखं काही नव्हतं. मी जाऊन तिच्या शेजारी बसले. तिनं माझा हात धरला. तिचा हात गार होता.

"श्वास चालू हाये," मी म्हणाले.

"चालू हाये," ती म्हणाली.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. ऊन कलून आमच्या पाठीवरून पायांवर आलं. मग मेंढीचा कान हलला. आधी वाटलं वाऱ्यानं. मग परत हलला. तिनं पुढचे पाय पोटाखाली घेतले, एकदा धडपडली, दुसऱ्यांदा धडपडली, आणि उभी राहिली. चारही पाय फाकवून, डोकं खाली घालून उभी राहिली आणि भरभरून मुतली. आम्ही दोघी भिजलो. ती धनगरीण मोठ्यानं हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि मीही. कोकरानं लगेच कास धरली. डॉक्टर लांबून ओरडले, "अहो, पाजू नका अजून, थोडं थांबा!" पण कोण ऐकतंय? शेवटी त्यांनीच येऊन कोकराला उचलून बाजूला नेलं आणि स्वतःही हसायला लागले.

त्यानंतर एकेक करत उठतच गेल्या. ज्या उठणार नाहीत असं वाटत होतं, त्याही उठल्या. सूर्य मावळायच्या आत पडीत जवळजवळ सगळा कळप उभा होता.

गेलेल्या मेंढ्यांबद्दल डॉक्टरांनी बजावलं, की त्यांचं मांस कोणी खायचं नाही, कुत्र्यांनाही द्यायचं नाही. वर दोन गिधाडं घिरट्या घालायला लागली होती. तेव्हा आमच्याकडे गिधाडं होती. मामांनी आणि धनगराच्या मुलांनी वरच्या वावराच्या बांधाला खोल खड्डा घेतला आणि मेंढ्या पुरल्या. डॉक्टर चहा पिताना मामांना म्हणाले, "पावसानं एकदम फूट आली, आणि जमिनीत खताचा जोर असेल तर विष आणखी वाढतं. धसकटं लवकर नांगरून टाकत जा."

पण मामांच्या मनात दुसरीच भीती बसली होती. डॉक्टर गेल्यावर ते मला हळूच म्हणाले, "आपल्या वावरात झालं, सूनबाई. आता हे लोक राहायचे न्हाईत. आन् पुढच्या वर्षी तर आपल्या गावाकडं पाहायचे बी न्हाईत. बरोबर हाये त्यांचं."

शेवटी धीर करून ते म्हाताऱ्यापाशी गेले. मी मागे उभी होते. मामांनी हात जोडले. "बाबा, लई वाईट झालं. माह्या जमिनीवर झालं."

म्हातारा पागोटं सोडून तोंड पुसत होता. त्यानं पुसून झाल्यावर पागोटं परत बांधलं, अगदी सावकाश. मग म्हणाला, "गाडीनं बुजल्या. जमीन काय बोलावती व्हय मेंढीला? असं कवाकवा व्हतं. तुमच्या लेकीबाळींनी आमची जनावरं वाचवली." आणि वरच्या वावराकडे बघून म्हणाला, "काल बोरीच्या झाडापोतर आल्तो. आज वाघर कुठून लावू?"

मामांनी हात करून जागा दाखवली.

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी दोन्ही घरांचा मिळून स्वयंपाक केला. पिठलं, भाकरी आणि गूळ नसल्यामुळे शेंगदाण्याची नुसती चटणी. ढेपेबद्दल कोणी बोललं नाही. मला इतकी भूक लागली होती की तिसरी भाकरी मी मागून घेतली, आणि सासरी पहिल्यांदाच मागून घेतली.

धनगर वरचं वावर पूर्ण होईपर्यंत राहिले आणि मग पुढच्या गावाला गेले. मामांनी ठरल्यापेक्षा जास्त ज्वारी मोजायला घेतली तेव्हा म्हाताऱ्यानं त्यांचा हात धरला. "ठरलं तेवढंच," म्हणाला.

पुढच्या पावसाळ्यात मामांनी वरच्या वावरात कपाशी लावली. भादव्यात बघावं तर मेंढ्या जिथे बसल्या होत्या तो प्रत्येक चौकोन गडद हिरवा, आणि दोन चौकोनांच्या मध्ये, जिथे वाघरीच्या खुंट्या होत्या, तिथे फिकट रेघ. दुरून वावर सोंगट्यांच्या पटावरच्या घरांसारखं दिसायचं. बांधाजवळ, मेंढ्या पुरल्या होत्या तिथली झाडं तर माझ्या खांद्याला लागत होती. मी ढेकूळ उचलून दाबलं. ते हातात विरघळलं.

पण माझ्या मनातून धाकधूक गेली नव्हती. बोलायला ते बोलून गेले, पण दुसऱ्या वर्षी येतील का? मामा वरवर काही दाखवत नसत. मात्र त्या वर्षी ज्वारी काढल्याबरोबर, शेजाऱ्याचे बैल मागून आणून, त्यांनी खालचं वावर असं नांगरलं की धसकटाचं मूळ वर दिसू नये. आत्याबाई संक्रांतीची ढेप आधीच आणून बसल्या. दिवाळी झाली. मार्गशीर्ष लागला. मी रोज विहिरीवर जाऊन रस्त्याकडे बघत होते.

मग एके सकाळी कुत्र्यांचा आवाज आला. आत्याबाईंनी सगळ्यांच्या आधी ओळखला. "आले गं," त्या म्हणाल्या आणि शेणाचे हात तसेच घेऊन दारात धावल्या. पुढे घोडा, घोड्यामागे म्हातारा, आणि कळपातून वाट काढत ती धनगरीण. मला बघून तिनं लांबूनच हात वर केला. मामा ओसरीवर बसले होते. ते उठले नाहीत. त्यांनी फक्त डोळे मिटून एक लांब श्वास सोडला आणि मला म्हणाले, "चहा टाक. जास्त टाक."

पुढे पुष्कळ वर्षं ते येत राहिले. घरातलं शेणाचं भांडण मिटलं होतं, कारण वावराला आता त्याचा वाटा मिळत होता. नंतर आमच्याकडे गॅसची शेगडी आली, तेव्हा आत्याबाईंनी स्वतःच शेण उकिरड्यावर न्यायला सुरुवात केली. तोवर मामा राहिले नव्हते. माझ्या मुलीनं शाळेत बाणांचं ते चित्र काढलं तेव्हा मी तिला मेंढी काढायला लावली. सशाऐवजी मेंढी, त्यात चुकीचं काय होतं? बाईंनी मार्क दिले.

आम्ही आता जालन्यात राहतो. शेत बटाईनं आहे, पण मेंढ्या बसवायचं मी अजून स्वतः ठरवते. म्हातारा केव्हाच गेला. कळप आता त्याचा नातू, त्या धनगरिणीचा मुलगा, बघतो, आणि त्याच्या हातात मोबाइल आला आहे. मागच्या दिवाळीनंतर त्याचा फोन आला. मागे मेंढ्यांचा कालवा, वारा, आणि त्यातून त्याचा आवाज.

"काकू, घाट चढलो. वावर मोकळं हाये का?"

"मोकळं आहे, या," मी म्हणाले. "आई बरी आहे का?"

"बरी हाये. इथंच हाये, घोड्याच्या मागं. बोलती का इचारू?"

मग फोन तिच्या हातात गेला. तिला फोनवर बोलायची सवय नव्हती, म्हणून ती ओरडून बोलत होती आणि मीही जालन्यातल्या माझ्या गॅलरीत उभी राहून ओरडूनच उत्तर देत होते. शेजारच्या बाईंनी खिडकी उघडून बघितलं. आम्ही दोघींनी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी केली, पाऊस कसा झाला ते विचारलं, आणि ती म्हणाली की परवापर्यंत पोचतो.